कोकणकडा सपाट का झाला? क्लबच्या स्पर्धेसाठी पॅनोरमा करताना

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या कॅमेरा क्लबने पुढच्या महिन्याच्या स्पर्धेला ‘पॅनोरमा’ हा विषय दिलाय. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि साधा ट्रायपॉड आहे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावरून संध्याकाळी ११ फ्रेम घेतल्या, घरी येऊन जोडल्या, तर क्षितिज सापासारखं वळवळतंय, आकाशात गडद-फिकट पट्टे पडलेत, पुढचं गवत जागोजागी तुटलंय आणि एवढा कोकणकडा तो सपाट भिंतीसारखा दिसतोय. तुम्ही विचारलंय, पॅनोरमा हेड, म्हणजे कॅमेरा नेमक्या बिंदूभोवती फिरवणारं ट्रायपॉडचं खास डोकं, घेतलं तर हे सुटेल का?

हेड आत्ता घेऊ नका. तुमच्या फाइल्स एकेक उघडून पाहिल्या. पहिल्या तीन तक्रारी तंत्राच्या आहेत, एका दुपारच्या सरावात सुटतील. चौथी तक्रार मात्र कुठल्याही हेडने सुटणार नाही, कारण तुम्ही उभे कुठे राहिलात याच्याशी ती बांधलेली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॅमेरा एका जागी ठेवून स्वतःभोवती फिरवला, की त्याच्यापासून सारख्या अंतरावरची आणि सारख्या उंचीवरची प्रत्येक गोष्ट चित्रात एका सरळ ओळीत येते. समजा तुम्ही गोल विहिरीच्या मधोमध उभे आहात आणि विहिरीचा काठ बरोबर डोळ्यांच्या पातळीला आहे. पूर्ण गोल फिरून पॅनोरमा केला तर तो काठ चित्रात ताठ आडवी रेघ होईल. विहीर गोल होती हे बघणाऱ्याला कळणारच नाही. कोकणकड्याचं नेमकं हेच झालं. कडा आतल्या बाजूला वळलेला, दोन्ही बाहू पुढे आलेले, आणि तुम्ही त्या कमानीच्या पोटात जवळजवळ मध्यावर उभे. ज्या बाकासाठी लोक पाचनईहून किंवा खिरेश्वरहून एवढी चढण चढून येतात, तो बाकच कॅमेऱ्याने उलगडून सरळ करून टाकला.

ही गोष्ट जुन्या फोटोग्राफरना चांगली ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सर्कट नावाचा कॅमेरा आला. चावी दिली की तो ट्रायपॉडवर सावकाश फिरायचा आणि आत फिल्मही त्याच वेगाने सरकायची. शाळा, पलटणी, कारखान्यातले शेकडो कामगार यांचे लांबलचक ग्रुप फोटो त्याच्यावर निघत. त्या वेळी लोकांना सरळ रांगेत बसवत नसत. कॅमेऱ्याभोवती कमानीत बसवत, म्हणजे फोटोत रांग सरळ दिसे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जे प्रत्यक्षात सरळ असतं ते फिरत्या कॅमेऱ्यात वाकतं. वाईला कृष्णेच्या पलीकडच्या काठावरून मी गणपती घाटाचा पॅनोरमा केला होता, साधारण १४० अंशांचा. घाटाच्या पायऱ्या सरळ आहेत. चित्रात मात्र मधला भाग फुगून पुढे आला आणि दोन्ही टोकं धनुष्यासारखी मागे गेली. क्लबमध्ये दाखवल्यावर एका सदस्याने विचारलं, नदी तिथे वळण घेते का? वाई न पाहिलेल्या माणसाने असं विचारणं अगदी साहजिक होतं. मी पुन्हा गेलो, आणखी मागे सरकायला जागा शोधली, घाटाचा तेवढाच भाग ७० अंशांत बसवला आणि जोडताना रेक्टिलिनिअर प्रोजेक्शन निवडलं. प्रोजेक्शन म्हणजे फिरून घेतलेलं दृश्य सपाट चित्रावर मांडायची पद्धत. त्यात सरळ रेषा सरळ राहतात. अट एकच, की एकूण कोन फार मोठा नको. ९० अंशांपर्यंत ते छान वागतं, १००च्या पुढे कडेच्या गोष्टी रबरासारख्या ताणल्या जातात. त्यापुढे सिलिंड्रिकल, म्हणजे दृश्य नळकांड्यावरून उलगडल्यासारखं मांडणारं. इमारती असतील तर पानिनी हा मधला मार्ग. त्यात उभ्या रेषा सरळ राहतात आणि कडेचा ताण बराच कमी होतो.

मग कोकणकड्याचं काय करायचं? कमानीच्या मध्यावरून बाजूला व्हा आणि एका बाहूच्या टोकाकडे जा. तिथून पलीकडचा बाहू आणि मधलं खोल पोट एका नजरेत, कोयत्याच्या पात्यासारखं वळलेलं दिसतं. १८० अंशांचा हट्ट सोडा, ७५ अंश पुरेत. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे उतरतं ऊन थेट खडकावर पडतं आणि बाकाच्या आत सावली राहते. ती सावलीच खोली दाखवते. पावसाळा संपल्यावरचे पहिले काही आठवडे हवा स्वच्छ असते. पुढे थंडीत कोकणाच्या बाजूला धुरकट थर बसतो आणि दूरच्या रांगा पुसट होतात. ट्रायपॉड काठापासून चांगला मागे ठेवा. खालून वर येणारा वारा तिथे अचानक जोर धरतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. पॅनोरमा स्पर्धेत पडतो तो बहुधा जोडकामामुळे पडत नाही. चित्राला एवढी रुंदी का लागली याचं उत्तर चित्रात नसतं, म्हणून तो पडतो.

माझा क्लबमधला पहिला पॅनोरमा कास पठाराचा होता. तेरड्याचा गुलाबी पट्टा, मध्ये सोनकीचं पिवळं, वर ढग, पूर्ण अर्धगोल. जोड शोधून सापडणार नाही इतका साफ होता आणि मला त्याचा अभिमान होता. परीक्षक वयाने मोठे होते. त्यांनी प्रिंट टेबलावर आडवी ठेवली, दोन कोरे कागद घेतले, एक उजवीकडून आत सरकवला, एक डावीकडून. सरकवत सरकवत एका जागी थांबले. उरला तो डाव्या बाजूचा जेमतेम दोन पंचमांश भाग: एक वाकडं झुडूप, त्याच्यामागे फुलांचा उतार, त्यावर ढगाची सावली. म्हणाले, फोटो एवढाच आहे, बाकीची जागा आहे. त्या दिवसापासून स्पर्धेला पाठवायच्या प्रत्येक पॅनोरमावर मी आधी हे दोन कागद फिरवतो. स्क्रीनवर असेल तर दोन पोस्टकार्डं पुरतात. कुठलीही एक तृतीयांश बाजू झाकून चित्राचं काही बिघडत नसेल, तर ती कापा. कापल्यावर तो पॅनोरमा उरला नाही, तर तो मुळात नव्हताच. दुसरा विषय शोधा.

रुंद चित्रात नजर पंगतीतल्या वाढप्यासारखी चालते. एका टोकाकडून सुरू होते, एकेका पानापाशी थबकते, पुढे जाते. मध्ये चार पानं रिकामी राहिली तर ते लगेच डोळ्यात येतं. म्हणून कॅमेरा काढायच्या आधी मी नुसतं उभं राहून डावीकडून उजवीकडे बघतो आणि थांबे मोजतो. तीन-चार थांबे हवेत, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त हवं आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा वरचढ हवा. तो शक्यतो मधोमध नको. दोन्ही टोकांना काहीतरी असं हवं जे नजरेला परत आत वळवेल: आत झुकलेलं झाड, उतरती सोंड, पडकी भिंत. तुमच्या ११ फ्रेमांच्या चित्रात डावं टोक एका रिकाम्या उतारावर संपतं आणि उजवं टोक नुसत्या आकाशावर. नजर दोन्हीकडून बाहेर सांडते.

रुंदीची खरी गरज असलेला विषय कसा असतो, त्याचं माझ्या मनातलं उदाहरण दिवे घाटाचं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हा घाट चढते. समोरच्या उतारावर बसलं की रस्त्याची वळणं आणि त्यावरून सरकणारी पांढऱ्या टोप्यांची, भगव्या पताकांची न संपणारी रेघ दिसते. खाली वडकीकडे मस्तानी तलाव. इथे लांबी हाच विषय आहे. डावीकडचा भाग झाकला तर दिंड्या कुठून आल्या ते जातं, उजवा झाकला तर कुठे चालल्या ते जातं. दोन कागद कुठेच आत सरकत नाहीत. असा विषय मिळाला की ३:१ची पट्टीसुद्धा अपुरी वाटते. विषय दिलेल्या स्पर्धेत बहुतेक जण डोंगररांग आणि सूर्यास्त घेऊन येतील. बाजाराची ओळ, होड्या लावलेला किनारा, उसाची तोड चाललेलं शेत, कुस्तीच्या फडाभोवतीची गर्दी यांचाही विचार करा.

आता तंत्र. तुम्ही १८ मिलिमीटरवर आडवा कॅमेरा धरून फ्रेम घेतल्यात. रुंद चित्र म्हणून रुंद लेन्स, असं सगळ्यांनाच वाटतं. पण रुंद लेन्स दूरचे डोंगर बारीक करते, कडा गडद करते आणि जोडाजवळ ताण वाढवते. रुंदी फ्रेम जोडून मिळणारच आहे. लेन्सकडून ती मागू नका. तुमच्या लेन्सवर ३५वर या आणि कॅमेरा उभा धरा. क्रॉप सेन्सरवर उभ्या फ्रेमची रुंदी साधारण २५ अंश आणि उंची ३७ अंश भरते. ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममध्ये सामाईक येणारा भाग, एक तृतीयांश ठेवला तर दर पावलाला १७ अंश पुढे सरकता. ४ फ्रेममध्ये ७५ अंशांच्या आसपास, ७ फ्रेममध्ये १२०च्या थोडं वर. ओव्हरलॅप मोजायला अंशांच्या खुणांचं हेड लागत नाही. व्ह्यूफाइंडरमधली तिसऱ्या भागांची जाळी चालू करा. उजव्या रेषेवर जे झाड किंवा दगड दिसतोय, तो पुढच्या फ्रेममध्ये डाव्या कडेला न्या. झालं. ७ फ्रेमची जोड २०,००० × ६,००० पिक्सेलच्या घरात जाते, हे क्लबच्या कुठल्याही स्पर्धेला पुरून उरतं. प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर स्वतःच्या तळहाताचा एक फोटो घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठली फ्रेम कुठल्या पॅनोरमाची ते शोधत बसावं लागतं.

क्षितिजाची वळवळ. याची कारणं दोन आणि ती निरनिराळी आहेत. ट्रायपॉडचा पाया कलता असेल आणि त्यावर हेड सरळ करून तुम्ही फिरवलं, तर पहिली फ्रेम सरळ येते आणि पुढची प्रत्येक फ्रेम थोडी थोडी तिरकी होत जाते. क्षितिज लाट मारतं. म्हणून पाणसळ हेडवर बघू नका, ट्रायपॉडच्या पायथ्याशी, जिथे मधला दांडा बाहेर येतो तिथे बघा. तिथे बुडबुडा नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात गवंड्यांची छोटी लेव्हल बॉटल मिळते, ती ठेवा आणि पाय कमी-जास्त करून पायाच सपाट करा. दुसरं कारण, पाया सरळ असूनही कॅमेरा खाली झुकवणं. दरी दिसावी म्हणून तुम्ही तो झुकवलात. सॉफ्टवेअर फ्रेमचा मध्य हाच क्षितिज धरून चालतं आणि खरं क्षितिज कमानीसारखं वाकतं. उभ्या फ्रेमचा इथेही फायदा होतो. कॅमेरा अगदी समपातळीत ठेवूनही खाली १८ अंश दिसतात, वरचं जास्तीचं आकाश नंतर कापता येतं.

आकाशातले पट्टे. तुमच्या फाइल्समध्ये एक्स्पोजर प्रत्येक फ्रेमला बदललेलं दिसतंय, छिद्र एफ ३.५ आहे आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर. सगळं हाताने बांधून टाका. आधी कॅमेरा नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून सगळ्यात उजळ पण तपशील हवाच अशा भागावर एक्स्पोजर ठरवा, मग मॅन्युअलवर तेच आकडे शेवटपर्यंत. छिद्र एफ ८. लेन्सच्या कडांचा काळोख त्याने बराच जातो, उरलेला लेन्स प्रोफाइलने, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्या लेन्सच्या तयार दुरुस्तीने, काढा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. फोकस सुमारे ८ मीटरवर करून ऑटोफोकस बंद करा. ३५ मिलिमीटर आणि एफ ८ला ४ मीटरपासून थेट दूरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावला असेल तर काढून ठेवा. तो सूर्यापासून काटकोनातलं आकाश सगळ्यात गडद करतो, त्यामुळे रुंद चित्रात एकाच जागी निळा डाग पडतो आणि तो नंतर धड निघत नाही. सूर्य थेट चित्रात असेल तर दोन बाजूंच्या उजेडात एवढी तफावत पडते की एक बाजू जळते किंवा दुसरी बुडते. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. आकाश सारखं होतं, खडकाचा रंग मऊ होतो आणि तोपर्यंत निम्मे लोक तंबूकडे परतलेले असतात.

सेन्सरवरच्या धुळीबद्दल एक सूचना. साध्या फोटोत एक ठिपका असतो. पॅनोरमात तोच ठिपका सात वेळा, सारख्या अंतरावर, आकाशात रांगेने येतो आणि परीक्षकाला तो लांबूनच दिसतो. निघण्यापूर्वी सेन्सर साफ करून घ्या.

गवत का तुटलं? इथे तुमचा हेडचा प्रश्न येतो. फिरवताना कॅमेऱ्याची जागा सरकली की जवळच्या आणि दूरच्या गोष्टींचं नातं बदलतं. एक डोळा मिटून समोर बोट धरा आणि डोकं हलवा, बोट भिंतीवर इकडून तिकडे पळतं, तसंच. लेन्सचा एक बिंदू असा असतो की त्याच्याभोवती कॅमेरा फिरवला तर हे पळणं थांबतं. पुष्कळ जण त्याला नोडल पॉइंट म्हणतात, पण खरं तर तो लेन्सच्या प्रवेशछिद्राचा मध्य. लेन्समध्ये समोरून डोकावलं की आत जे छिद्र दिसतं, तो. पॅनोरमा हेडचं काम एवढंच, की फिरण्याचा आस त्या बिंदूतून जावा.

पण त्याची गरज किती, हे आकड्यांत बघा. वर सांगितलेल्या ३५च्या उभ्या फ्रेममध्ये एका अंशाला साधारण १६० पिक्सेल पडतात. कॅमेरा दोन फ्रेमांमध्ये १० सेंटिमीटर सरकला, तर एक मीटरवरचं गवत ९०० पिक्सेल घसरतं. कुठलंही सॉफ्टवेअर ते जुळवू शकत नाही. तेवढ्याच सरकण्याने १०० मीटरवरचा खडक ९ पिक्सेल घसरतो, ते जोडात मुरून जातं. आणि एक किलोमीटरवरची डोंगररांग जेमतेम एक पिक्सेल. म्हणजे पुढ्यात काही नसेल तर हातात धरूनसुद्धा उत्तम पॅनोरमा होतो. पुढ्यात गवत, कठडा, माणूस, देवळाचा खांब असेल तर मात्र काळजी घ्यावी लागते.

ती काळजी पाच रुपयांच्या दोऱ्यात घेता येते. गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिलाच असेल. लेन्सच्या नळीभोवती, प्रवेशछिद्र जिथे दिसतं त्या जागी, रबरबँड लावा. त्याला दोरा बांधा आणि खाली नट किंवा छोटा दगड लटकवा. जमिनीवर एक खूण करा. आता फिरताना तो ओळंबा खुणेवरून हलू द्यायचा नाही, आपण कॅमेऱ्याभोवती फिरायचं. हातात धरणारे बहुतेक जण याच्या उलट करतात: पाय रोवून कमरेतून वळतात, त्यामुळे कॅमेरा एका मोठ्या गोलावर फिरतो आणि दर फ्रेमला सहा-सात सेंटिमीटर सरकतो. दोऱ्याने ते दोन सेंटिमीटरच्या आत येतं. ट्रायपॉडवरही करता येतं: लेन्सची जागा आसावर येईल एवढा कॅमेरा मागे घ्यायचा, त्यासाठी साधी सरकती पट्टी मिळते. ती बरोबर बसली का हे बघायला घराच्या गच्चीवर जा. जवळ एक काठी उभी करा, तिच्या बरोबर मागे दूरचा विजेचा खांब येईल असं बघा. कॅमेरा डावीकडे-उजवीकडे वळवूनही काठी आणि खांब एकमेकांना सोडत नसतील, तर जागा बरोबर. पट्टीवर पेनने रेघ मारून ठेवा. झूम बदलला की ही जागा बदलते, म्हणून ३५चीच रेघ मारा आणि तिथेच राहा.

हलणारी माणसं हा वेगळा प्रश्न. वारीसारख्या ठिकाणी लोक ज्या दिशेने चालतात त्याच दिशेने तुम्ही फ्रेम घेत गेलात तर तोच वारकरी तीन फ्रेममध्ये येतो. उलट दिशेने घ्या, पुनरावृत्ती एकदम कमी होते. महत्त्वाची माणसं फ्रेमच्या मध्यावर येतील असं बघा, ओव्हरलॅपच्या पट्ट्यात ती अर्धी कापली जातात. सगळी मालिका झाली की लगेच दुसऱ्यांदा घ्या. जिथे एखादा माणूस तुटलाय तिथे दुसऱ्या फेरीतली फ्रेम कामाला येते. आणि जोडून झाल्यावर तोच चेहरा दोनदा आलाय का, हे १०० टक्के मोठं करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तिथे जो माणूस एकदाच होता तो चित्रात दोनदा दाखवणं हे खोटं आहे, आणि डोळस परीक्षक ते पकडतो.

जोडायला लाइटरूम हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. जोडलेली फाइल डीएनजी, म्हणजे रॉसारखीच, राहते, त्यामुळे रंग आणि उजेड नंतरही मोकळेपणाने बदलता येतो. जोडाच्या वाकड्यातिकड्या कडा ताणून चौकट भरणाऱ्या बाउंडरी वॉर्पचा स्लायडर पूर्ण ओढण्याचा मोह टाळा. कडा भरतात खऱ्या, पण त्यासाठी तो डोंगर वाकवतो. त्यापेक्षा कापा. गुंतागुंतीचं काम असेल तर ह्युगिन हे जोडकामाचं सॉफ्टवेअर शिका. ते मोफत आहे, थोडं जुन्या वळणाचं आहे, पण त्यात दोन गोष्टी फार चांगल्या आहेत. देवळाच्या खांबावर किंवा इमारतीच्या कोपऱ्यावर उभ्या रेषेचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे ‘ही रेषा उभी आहे’ असं सांगणाऱ्या खुणा, देता येतात, की क्षितिज आपोआप जागेवर येतं. आणि मास्क रंगवून ‘हा माणूस या फ्रेममधून घे, त्या फ्रेममधला सोड’ असं सांगता येतं. मोबाइलचा पॅनोरमा मोड आठवणीसाठी ठीक, स्पर्धेला नको. मोबाइलच असेल तर साधे उभे फोटो काढून ते असेच जोडा.

आता स्पर्धेचा भाग. इथे अनेक चांगली चित्रं मार खातात. क्लबमध्ये चित्रं प्रोजेक्टरवर दाखवणार असतील तर कमाल आकार विचारा. पुष्कळ ठिकाणी तो १९२० × १०८० असतो. त्यात ३:१चा पॅनोरमा १९२० × ६४० होतो. आधीचं आणि नंतरचं चित्र पडदाभर, आणि तुमचं मध्येच एक पट्टी. २:१ ठेवला तर उंची ९६० मिळते, चित्र जवळजवळ पूर्ण पडदा घेतं. म्हणून प्रोजेक्टरच्या स्पर्धेसाठी मी चित्र आधीच २:१ किंवा फार तर ५:२ डोक्यात ठेवून घेतो. शार्पनिंग लहान केल्यानंतर, त्या अंतिम आकारावरच करा. २०,००० पिक्सेलवर केलेलं शार्पनिंग १९२०वर उरत नाही.

प्रिंटची स्पर्धा असेल तर आनंद आहे, कारण पॅनोरमा हा मुळात कागदावर, जवळ जाऊन, चालत बघायचा प्रकार. १८५८मध्ये फेलिचे बेआतो या फोटोग्राफरने दिल्लीच्या जामा मशिदीवरून शहराचा पॅनोरमा केला, तो प्रिंटला प्रिंट जोडूनच. आपल्याकडे एक मोठी सोय आहे जिचा फोटोग्राफर फारसा विचार करत नाहीत. लग्नाच्या अल्बमचं उघडलेलं पान १२ × ३६ इंच असतं. म्हणजे बरोबर ३:१, फिल्मच्या काळातल्या ६ × १७च्या पॅनोरमा कॅमेऱ्यांचं प्रमाण. अल्बम छापणारी कुठलीही कलर लॅब हा आकार रोज काढते, वेगळी ऑर्डर द्यावी लागत नाही. ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तर, १०,८०० × ३,६०० पिक्सेल लागतात, तुमच्या ७ फ्रेममध्ये ते आरामात आहेत. लॅबला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: मॅट कागद, रंगात कुठलीही दुरुस्ती नको, आणि कडा कापायच्या नाहीत. माझ्या एका प्रिंटची दोन्ही टोकं अल्बमच्या सवयीने पाव पाव इंच कापली गेली होती आणि डाव्या टोकाला नजर अडवणारं झाड नेमकं तिथेच होतं. तेव्हापासून मी चारही बाजूंना पांढरी पट्टी सोडून फाइल देतो. माउंटबोर्डचा, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याचा, वरचा-खालचा काठ बाजूच्या काठांपेक्षा रुंद ठेवा, पट्टीला श्वास घ्यायला जागा मिळते.

नियमांचं एक. जोडलेलं चित्र चालतं का, हे विभागाप्रमाणे बदलतं. निसर्ग आणि पत्रकारितेच्या विभागांचे नियम जास्त कडक असतात. तुमच्या क्लबने विषयच पॅनोरमा दिलाय म्हणजे जोड चालणार, पण एका फ्रेममधून कापलेली रुंद पट्टी पॅनोरमा धरणार का, किमान प्रमाण काय, हे संयोजकांना आधीच विचारून ठेवा.

शेवटी तुमच्या ११ फ्रेमांबद्दल. पुन्हा गडावर जाणं या महिन्यात जमलं नाही तरी हातात काहीतरी आहे. सातवी आणि आठवी फ्रेम उघडा. उजवा बाहू तिथे पुढे येतो, त्याच्या कडेवर ऊन आहे, खाली दरीत ढगाचा एक तुकडा अडकलाय. या दोनच फ्रेम घ्या. दोघींचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधी सारखं करा, लेन्स प्रोफाइल लावा आणि रेक्टिलिनिअरमध्ये जोडा. ८० अंशांच्या आसपास कोन होईल आणि रुंदी साडेसात हजार पिक्सेलच्या वर जाईल. तळाचं तुटलेलं गवत पूर्ण कापून टाका, वर आकाशाची पातळशी पट्टी ठेवा, २:१वर या. डाव्या टोकाला कड्याचं अंधारं पोट येईल, उजव्या टोकाला उन्हातला बाहू. मग दोन पोस्टकार्डं घेऊन बसा, आणि ती कुठे थांबतात ते मला कळवा.